जुन्या धक्क्यावरचा दिवा

१

पान फाडलेलं होतं.

कापलेलं नाही, फाडलेलं. वहीच्या शिवणीला बोटभर पट्टी उरली होती आणि तिच्या खालच्या टोकाला शिसपेन्सिलीची अर्धी राहिलेली अक्षरं होती: ‘सोमवार पा’. रामला ती पट्टी अंगठ्याने चाचपत राहिली. समोर तीस-पस्तीस माणसं केळीच्या पानांवर तांदळाचे गोड अपेम घेऊन बसलेली. एकेकाचा हात हळूहळू थांबला.

पाक विर्योंच्या चाळिसाव्याची कंदुरी, म्हणजे दुआ आणि जेवण, होती ती. पाक म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी लावायचा मान. शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतरची वेळ. विर्यो म्हणजे आमच्या तांजुंग वातूच्या गोदीतले नकाशे काढणारे. पण गाव त्यांना ओळखायचं ते संध्याकाळच्या चित्रांसाठी. रोज सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की छोट्या मशिदीच्या मागच्या पायरीवर बसायचं आणि समोरचं आरमारी बंदर शिसपेन्सिलीने वहीत उतरवायचं. पन्नास वर्षं हेच. प्रत्येक वर्षाची एक वही. पान उघडलं की आधी खालच्या कोपऱ्यात वार आणि बाजारवार लिहायचे, मग चित्राला हात घालायचा. तारीख त्यांनी कधी लिहिली नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांचं आयुष्य सात वार आणि पोन, पाहिंग असे ओळीने येणारे पाच बाजारवार यांच्यातच चालतं.

मरायच्या दोन दिवस आधी विर्योंनी रामलाला बोलावून घेतलं. म्हणाले, “पोरी, त्या संध्याकाळी तुझ्या बापाने दिवा लावला होता. मी पायरीवर होतो. अठ्ठ्याऐंशीच्या वहीत चित्र आहे. मी भ्यालो, बोललो नाही.”

रामलाने हे पोटात ठेवलं आणि कंदुरीत, दुआ संपल्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांची पानं वाढून झाली की वही उघडायची असं ठरलं. मधल्या अर्ध्या तासात वही आतल्या खोलीत मेजावर होती.

रामलाने वही मिटली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

“पाक मत्रावी, माझ्या बापाला चौकीवर तुम्हीच नेलं होतंत ना? आता त्याला परत तुम्हीच आणा.”

मी हातातला घास पानावर ठेवला. मी मत्रावी, बंदर पोलिसातला निवृत्त हवालदार. बाई खरं बोलत होती.

२

ती तारीख गावात कोणी विसरत नाही. एकतीस ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, सोमवार. चौकशीच्या कागदावर तसंच लिहिलंय आणि छत्तीस वर्षं आम्ही तसंच घोकत आलोय. दिवस मावळून थोडा वेळ झाला असेल. पलीकडच्या किनाऱ्यावरून कामगारांना घेऊन येणारी लाँच जुन्या धक्क्याच्या टोकाच्या दगडांवर आदळली. सहा कामगार आणि लाँच चालवणारा तांडेल मुस्तोपो. सातही गेले.

धक्क्याच्या टोकाला दोन पुरुष उंचीच्या लोखंडी खांबावर दिवा असे आणि तो लावणारा सानिदिन, रामलाचा बाप. चौकशीत त्या दिवशीचे बंदरातले कामावरचे अधिकारी कप्तान हार्तोयो यांनी सांगितलं, दिवा लागलेला नव्हता. सानिदिन रडून सांगत होता की लावला होता. त्याचं कोण ऐकतं? मी तेव्हा पंचवीसचा, नवी टोपी, नवा पट्टा. चौकीत बेड्या शिल्लक नव्हत्या म्हणून मी त्याच्या मनगटाला दोरी बांधली आणि मासळीबाजारातून भर दुपारी ओढत नेलं. मागच्या गल्लीने नेता आलं असतं. पण मला मिरवायचं होतं. चौदा वर्षांची रामला त्या बाजारात टोपली घेऊन उभी होती.

सानिदिनची नोकरी गेली. पुढे नऊ वर्षं जगला, पण दिवसाउजेडी बाजारातून गेला नाही.

आता येत्या गुरुवारी बंदराच्या संग्रहालयात विर्योंच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं आणि त्याच दिवशी अपघाताचा पितळी फलक लागणार होता. त्यावर कोरायचं होतं की दिवेवाल्याच्या हलगर्जीने सात जीव गेले. एकदा पितळेवर कोरलं की रामलाच्या नातवंडांनाही ते वाचत मोठं व्हायचं होतं. हाती होते सहा दिवस.

आतल्या खोलीत तिघंच गेले होते. विर्योंचा पुतण्या गुनादी, ज्याने म्हाताऱ्याला सांभाळलं. संग्रहालयाच्या बाई बु निंग्रुम. आणि कप्तान हार्तोयो.

गुनादीला मी स्वयंपाकघरातच गाठलं. पातेली घासत होता.

“काका, मी फाडू? अहो, विर्योकाकांच्या वहीला ओला हात लागला तर माझ्या कानाखाली बसायची. आता ते नाहीत तरी गाल चोळूनच आत जातो मी.”

“आत कशाला गेला होतास?”

“ताटल्या आणायला. तीनदा. वही तिथंच होती, कापडात गुंडाळलेली.”

“बु निंग्रुम?”

“त्या वहीच बघायला गेल्या. प्रदर्शनाचं काम त्यांच्याकडेच ना. बिचाऱ्या कालच आल्या होत्या केक घेऊन, चाळिसावा आहे म्हणून. मी लुंगीवर! आमच्या आत्याने हसून त्यांना लाजवलं. केक मात्र झकास होता, सगळा आम्हीच संपवला.”

“कप्तान?”

गुनादीने पातेलं खाली ठेवलं. “ते हात धुवायला गेले. पण काका, हात धुवायचा नळ अंगणात आहे.”

३

वही मी नीट पाहिली. फाटलेल्या पट्टीच्या आधीच्या पानावर रविवारचं चित्र, नंतरच्या पानावर ‘मंगळवार पोन’. धक्का, दिवा, गाळ वाहायचा एक पडाव आणि उजवीकडे काहीतरी काढता काढता सोडून दिलेलं. विर्यो कधी चित्र अर्धवट सोडत नसत. म्हटलं, कोणी पाहुणा आला असेल. वही मिटली आणि कप्तानांकडे गेलो.

कप्तान चौऱ्याहत्तरचे, पाठ अजून ताठ. ओसरीत कवड्याचा पिंजरा, हातात लवंगेची सिगारेट. मला बसा म्हणाले नाहीत.

“मत्रावी, पेन्शन मिळते ना तुला? मग ही हवालदारी कशाला?”

“सवय, साहेब. तुम्ही आत हात धुवायला गेलात म्हणे. नळ तर अंगणात आहे.”

“म्हाताऱ्या माणसाला घर नवीन असतं.”

“ते घर तुम्हाला चाळीस वर्षं जुनं आहे.”

त्यांनी धूर सोडला. “बरं, चित्र बघायला गेलो होतो. गावासमोर मला खोटं पाडणार होती ती बाई, आधी बघून ठेवायला नको? पण वही उघडणार तेवढ्यात तो गुनादी ताटल्यांसाठी आला आणि मी निघालो. दिवा लागलेला नव्हता. तेव्हा सांगितलं, आजही सांगतो.”

“बु निंग्रुम तुमच्या आधी गेल्या की नंतर?”

“आधी. विचार जा तिला.”

मी पायऱ्या उतरलो. पिंजऱ्यातला कवडा घुमला आणि मागून कप्तानांचा आवाज आला. तो मघासारखा नव्हता.

“मत्रावी. त्या चित्रात दिव्याशिवाय आणखी काय होतं? विर्यो रामलाला काही बोलला होता?”

मी वळून पाहिलं. सिगारेटची राख त्यांच्या मांडीवर पडली होती आणि ती झटकायचं त्यांना सुचलं नव्हतं.

ज्याने पान नेलं त्याने हे विचारलं नसतं, त्याला चित्रात काय आहे ते ठाऊकच असतं. म्हणजे चोर कप्तान नव्हते. पण मग ते एवढे घाबरले कशाला?

४

संग्रहालय म्हणजे आरमाराचं जुनं दारूकोठार. जाड भिंती, आत गारवा. बंदरात आजही फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे भिंतीवर लावायला विर्योंशिवाय काही नाही. तेव्हा तर पेन्सिलीलाही बंदी होती. कोणी बंदर रेखाटताना सापडला की हेर म्हणून उचलत. विर्योंच्या पायरीकडे आम्ही काणाडोळा करायचो, पण वही चौकशीपुढे ठेवली असती तर त्यांची सुटका नव्हती; ते बोलले नाहीत त्याचं कारण हे. मला ते कळतं. माफ करता येतं का, ते रामलाने ठरवावं.

बु निंग्रुम चाळिशीच्या. चष्मा, डोक्याला फिकट निळा रुमाल, जकार्तातली स्वच्छ बोली. दोन वर्षांपूर्वी बदली मागून इथं आल्या होत्या. जकार्ता सोडून आमच्या या मासळीच्या वासात बदली मागून कोण येतं, असं गावाला वाटलं होतं.

“मी वही चाळली,” त्या म्हणाल्या. “पान तेव्हा होतं की नव्हतं, लक्ष नव्हतं माझं. फार वाईट झालं, पाक. पण कागदच नाही म्हटल्यावर फलक थांबवता येणार नाही.”

“तो मजकूर कोणाचा?”

“चौकशीच्या कागदांवरून मीच केला.”

मी भिंतीवरून फिरत होतो. रोषणाई केलेल्या युद्धनौकांच्या एका चित्राची मोठी छापील प्रत होती. सगळा कागद काळ्या रेघांनी भरलेला आणि दिव्यांच्या माळा म्हणजे मध्ये सोडलेले पांढरे ठिपके. खाली छापलं होतं, ‘१८ ऑगस्ट १९८८, सायंकाळ’.

“बाई, ही रोषणाई स्वातंत्र्यदिनाची, सतराची. अठराच्या सकाळी त्या तारा मी स्वतः उतरवल्यात. एक बल्ब फुटला म्हणून साहेबाने माझी आई-बहीण काढली होती.”

त्या समजुतीने हसल्या. “पाक, चित्राखाली गुरुवार पोन लिहिलंय. फोनवर ताडून पाहिलंय मी. गुरुवार पोन म्हणजे अठरा तारीख. फोन चुकत नाही.”

म्हटलं, असेल. माझं डोकं हल्ली साखरेने गेलेलं. आणि फोनशी वाद घालण्याइतका मी शहाणा नाही.

दाराशी काचेचं कपाट होतं. अपघातातल्या लाँचमधून निघालेल्या वस्तू. गंजलेला डबा, पितळी होकायंत्र, पितळी कंदील, सगळ्यांवर हिरवा थर. प्रत्येकीखाली देणाऱ्याचं नाव. फक्त एकीखाली नव्हतं: ‘तांडेल मुस्तोपो यांची शिटी. कुटुंबाकडून.’ आणि ती शिटी सोन्यासारखी लखलखत होती.

कोणीतरी ती रोज पुसत होतं. कपाटाची किल्ली एकाच गळ्यात होती, बु निंग्रुमच्या.

५

मुस्तोपोंना एक मुलगी होती हे मला आठवलं ते घरी येता येता. चार वर्षांची. अपघातानंतर महिन्याभरात आई तिला घेऊन जकार्ताला गेली.

आता कारण सापडलं होतं. दिवा विझलेला, तर सानिदिन दोषी आणि मुस्तोपो बिचारे. दिवा लागलेला, तर मुस्तोपोंनी उघड्या डोळ्यांनी लाँच दगडांवर घातली. एकीच्या बापाचं नाव धुतलं की डाग दुसरीच्या बापावर. मला स्वतःचीच शिसारी आली. कोणाच्या बापाला वाचवायला निघालो होतो मी? आणि हातात पुरावा काय, तर एक पुसलेली शिटी.

मंगळवारी दुपारी ओट्यावर बसून मी हे बायकोला सांगितलं. सहवा केळी तळत होती. केळी मला वर्ज्य, वास तेवढा मोफत.

“पोरगी वाईट नाही हो,” ती म्हणाली. “त्या दिवशी केक घेऊन एक दिवस आधी आली, मला मेलीची दयाच आली. विर्यो गेले रविवारी मगरिबनंतर. म्हणजे सोमवार लागला होता. मोजायचं सोमवारपासून. तिने मोजलं रविवारपासून. जकार्तात वाढलेल्या पोरींना कोण सांगणार, की सूर्य बुडाला की दुसरा वार लागतो?”

मी केळ उचललं. तिने हातावर उलथनं मारलं. पण मी केळ पाहतच नव्हतो.

“काय म्हणालीस?”

“म्हटलं, केळ्याला हात लावाल तर...”

“त्याच्या आधी!”

विर्यो रोज चित्र काढायचे ते मगरिबनंतर. म्हणजे त्यांच्या हिशेबात दुसरा वार लागल्यावर. सतरा ऑगस्टच्या बुधवारची रोषणाई त्यांनी गुरुवार म्हणून लिहिली आणि बाईंच्या फोनने ती अठरावर नेऊन ठेवली. फोन खरंच चुकला नव्हता. तो मध्यरात्रीपासून दिवस मोजतो, विर्यो सूर्यास्तापासून मोजत.

मग ‘सोमवार पाहिंग’ हे चित्र कधीचं? रविवारच्या संध्याकाळचं! अपघाताच्या आदल्या दिवसाचं. आणि अपघाताच्या सोमवारी, मगरिबनंतर पायरीवर बसून विर्योंनी कोपऱ्यात काय लिहिलं असेल?

मी चपला न घालता विर्योंच्या घरी धावलो. आम्ही सगळे म्हातारे, जन्मभर लेकरांचे जन्मवार सूर्यास्तावर मोजणारे. पण चौकशीच्या कागदावरचा ‘सोमवार’ डोक्यात इतका घट्ट बसला होता की ती फाटकी पट्टी पाहून एकालाही शंका आली नाही. मीसुद्धा त्यातलाच.

गुनादीने वही काढून दिली. ‘मंगळवार पोन’.

डावीकडे धक्क्याचं टोक, खांब आणि खांबावर दिवा. लागलेला. उजवीकडे, जे मला पाहुण्यामुळे अर्धवट राहिलेलं वाटलं होतं, ती लाँच होती. नाळ, तांडेलाचं डोकं, अर्धी बाजू. तिथून पेन्सिलीची रेघ एकदम खाली घसरत गेली होती आणि कागदाच्या कडेला संपली होती.

विर्योंच्या हातातून पेन्सिल त्याच क्षणी सुटली होती.

पण मी वही उचलून उजेडात धरली ती त्या दोघांच्या मधे जे काढलं होतं त्यासाठी.

६

बुधवारी दुपारी मी सगळ्यांना विर्योंच्या घरी बोलावलं. कप्तान खुर्चीत, गुनादी दाराशी, रामला भिंतीला टेकून. बु निंग्रुम मांडीवर कामाची पिशवी घेऊन चटईवर. वही माझ्यासमोर मिटलेली.

“पान फाडणाऱ्याने चित्र पाहून फाडलं नाही,” मी म्हणालो. “कोपऱ्यातला वार वाचून फाडलं. कप्तानसाहेबांनी फाडलं असतं तर चित्र पाहून फाडलं असतं. त्या काळात कुठल्या संध्याकाळी कुठलं जहाज कुठं उभं होतं, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. गुनादीने काकांचा चाळिसावा बोटांवर मोजला आणि बरोबर मोजला, त्याचा वार चुकणार नाही. राहिलं कोण? जिने चाळिसावा एक दिवस आधी धरला आणि सतराची रोषणाई अठराला टांगली. बाई, तुम्ही रविवारच्या संध्याकाळचं चित्र फाडलंत. हवं होतं ते या वहीतच राहिलं.”

बु निंग्रुमनी चष्मा काढला.

“तुम्ही मुस्तोपोंच्या लेक,” मी म्हणालो.

“शिटी तेवढी उरली आमच्याकडे,” त्या हळूच म्हणाल्या. मग रामलाकडे वळल्या आणि आवाज फुटला. “दिवा लागलेला होता म्हटलं, की माझ्या बाबांनी सहा माणसं मारली. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय की,” रामला म्हणाली. “नव्हता म्हटलं, की माझ्या बापाने सात. छत्तीस वर्षं हेच ऐकतेय मी. तुम्ही जकार्तात होतात, मी इथं होते.”

बु निंग्रुमनी पिशवीतून पातळ कागदात जपून ठेवलेलं पान काढलं. “जाळणार होते. काडीही ओढली. हात धजला नाही. असलं चित्र जाळायला नाही शिकले मी.”

मी वही उघडून ‘मंगळवार पोन’ त्यांच्यासमोर सरकवलं. कप्तान लगेच पुढे झुकले.

“दिवा काय, नंतरही काढता येतो,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याने मरायच्या आधी पुण्य कमवायला काढला असेल.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या चित्रावर वाकल्या होत्या, पान तिरकं धरून उजेडात बघत होत्या. बराच वेळ लागला. त्यांच्या एका शब्दावर त्यांचा स्वतःचा बाप दोषी ठरणार होता आणि ते त्यांना पुरतं कळत होतं.

“पेन्सिलीच्या चित्रात दिवा काढत नाहीत, कप्तान,” त्या शेवटी म्हणाल्या. “दिवा सोडतात. भोवती रेघा भरत जायचं आणि उजेडाची जागा कोरी ठेवायची. खोडलं असतं तर कागदाचे तंतू उठले असते. इथे कागदाला कधी शिसं लागलेलंच नाही.” त्यांनी पान खाली ठेवलं. “दिवा लागलेला होता. रामला, तुमच्या वडिलांनी लावला होता.”

रामलाने तोंडावर पदर दाबला आणि भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसली. बु निंग्रुम तिच्याकडे बघू शकल्या नाहीत.

“बाई, अजून संपलं नाही,” मी म्हणालो. “मधे काय आहे?”

“पडाव. गाळ उपसायचा.”

“त्यावर दिवा सोडलाय का?”

त्यांनी पुन्हा पाहिलं. “नाही. पूर्ण काळा आहे.”

“विर्यो बाजूने बघत होते म्हणून त्यांना तिन्ही दिसले, दिवा, पडाव आणि लाँच. पण लाँचमधून बघा. तुमच्या बाबांच्या जागी बसा. दिवा दोन पुरुष उंचीवर आणि हा पडाव गाळाच्या खोक्यांसकट त्याच्या दुप्पट. दिवा त्याच्या पाठीमागे. तुमच्या बाबांना अंधाराशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं. पडावाला वळसा घातला आणि पुढे दगड.”

“पण चौकशीत पडाव कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “मी सगळे कागद वाचलेत.”

“पहाटेच्या आत हलवला असणार. कप्तान म्हणतील पडाव तिथे नेहमीचाच, गावाला माहीत होता. आता तुम्ही फाडलेलं पान शेजारी ठेवा.”

त्यांनी ठेवलं. रविवारची संध्याकाळ. तोच धक्का, तोच खांब, तोच लागलेला दिवा. मधे नुसतं पाणी.

पडाव सोमवारी आणून उभा केला होता, बिनदिव्याचा, लाँचच्या वाटेत. चोरलेलं पान नसतं तर हे सिद्ध झालं नसतं.

सगळे कप्तानांकडे बघत होते. त्यांची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

“ओहोटी होती, पडाव आत नेता येत नव्हता,” ते म्हणाले. “एका संध्याकाळचा प्रश्न होता. सकाळी हलवणारच होतो.”

“सात माणसं, साहेब,” गुनादी दारातून म्हणाला.

“माझी बढती व्हायची होती. दिवेवाल्याला दुसरी नोकरी मिळेल असं वाटलं मला. खरंच वाटलं होतं.”

चोरी त्यांनी केली नव्हती, त्यांनी केलं ते चोरीपेक्षा फार मोठं होतं. बु निंग्रुम मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. ज्या वहीत त्यांच्या बाबांची सुटका होती त्याच वहीवर त्यांनी हात टाकला होता. एक वार बरोबर मोजला असता, तर त्यांनी हेच चित्र फाडलं असतं. त्यांना ते कळलं आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या. रामला उठली नाही. पण थोड्या वेळाने तिने आपला पाण्याचा पेला चटईवरून त्यांच्याकडे सरकवला.

फलक गुरुवारी लागला नाही. कप्तानांनी चार ओळींचा जबाब लिहून दिला, तो वर पाठवलाय. प्रदर्शन दोन आठवड्यांनी उघडलं. दोन्ही चित्रं एकाच चौकटीत, फाटलेल्या कडेसकट. मजकूर बु निंग्रुमनी लिहिला आणि पान कोणी फाडलं हेही त्यात लिहिलं. त्यांचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. विर्योंना माफ केलं का, असं मी रामलाला विचारलं. ती म्हणाली, “छत्तीस वर्षं लागली त्यांना. मलाही लागू देत थोडी.”

उद्घाटनाच्या सकाळी ती माझ्या दारात आली. हातात त्या चौकटीची छापील प्रत, नातवंडांसाठी घेतलेली.

“चला,” म्हणाली. “चौकीपासून बंदरापर्यंत. बाजारातून.”

मी चपला घातल्या. मासळीबाजार भरला होता. छत्तीस वर्षांपूर्वी जसा भरला होता, तसाच. बायका टोपल्यांमागून बघू लागल्या, कोणीतरी कोयता खाली ठेवला. माझी मान आपोआप खाली गेली आणि पावलं जलद पडू लागली. रामलाने माझ्या मनगटाला हात घातला, जिथे मी तिच्या बापाला दोरी बांधली होती तिथेच.

“हळू चाला, पाक मत्रावी,” ती म्हणाली. “त्या दिवशी तो मागे पडत होता आणि तुम्ही थांबला नाहीत.”

मी हळू चाललो.